वकिलांची फी : एकरकमी, तारखेची की टक्केवारीची?

प्रश्न : वडील वारल्यानंतर गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमचे घर आणि कुळागर (सुपारी-नारळाची बागायत) यांच्या वाटणीसाठी मला इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन प्रक्रिया, दाखल करायची आहे. आम्ही चार भावंडे असून एक भाऊ पोर्तुगालला असतो. मी तीन वकिलांना भेटले. एकांनी सगळ्या कामाची एकरकमी फी सांगितली, दुसऱ्यांनी दर तारखेची. तिसरे म्हणाले, "आता काही देऊ नका, तुमच्या वाट्याला येईल त्याचे दहा टक्के द्या." हाती रोख रक्कम नसल्यामुळे मला हेच सोयीचे वाटते. योग्य काय?
— एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : आपल्याला सोयीचा वाटणारा प्रस्तावच आधी बाजूला ठेवावा लागेल. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास किंवा अशिलाला मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घेण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांना मनाई केली आहे. पतीच्या अपघाती मृत्यूची भरपाई मिळालेल्या एका महिलेकडे तिच्या वकिलाने त्या रकमेच्या प्रमाणात फी मागितली, तेव्हा २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने बी. सुनीता प्रकरणात ती मागणी बेकायदेशीर ठरवली. या मनाईमागचे कारण आपल्या प्रकरणात स्पष्ट दिसते. आपल्याला कदाचित घरच हवे असेल. टक्केवारी घेणाऱ्याला मात्र वाट्याची किंमत वाढण्यातच रस राहील, आणि भावंडांमध्ये समजुतीने वाटणी होत असेल तर ती स्वीकारण्याचा सल्ला आपल्याला कितपत निर्मळ मनाने मिळेल, याची मला काळजी वाटते.

दर तारखेची फी वरवर हलकी दिसते. परंतु इन्व्हेंटरीत सर्व वारसांना नोटिसा पोहोचाव्या लागतात, मालमत्तेच्या यादीवर हरकती येतात, प्रसंगी वारसांमध्ये लिलाव होतो. त्यातच एक वारस परदेशी असल्यास तारखा किती पडतील हे कोणालाच सांगता येत नाही, आणि लांबलेल्या प्रत्येक महिन्याचा भार आपल्यावर येतो. काम न होता नुसती पुढची तारीख मिळाली तरी फी द्यायची का, हे अवश्य विचारावे. एकरकमी फीत हा भार वकिलावर जातो. पण उच्च न्यायालयातील अपील, म्हणजे पर्वरीच्या फेऱ्या, तीत धरलेले आहे का, हे आधीच ठरवून घ्यावे लागते. माझ्या मते आपल्यासाठी टप्प्यांनुसार फी सर्वांत रास्त ठरेल : अर्ज दाखल करताना काही, याद्या व हरकती पूर्ण झाल्यावर काही आणि वाटणीचा आदेश झाल्यावर उरलेली. शेवटचा हप्ताही आधी ठरलेल्या आकड्याचाच असावा, वाट्याच्या किमतीवर ठरणारा नसावा. तासाप्रमाणे फी किंवा दरमहा ठरावीक रक्कम या पद्धती कंपन्या व हॉटेलांच्या कामात चालतात. आपल्याला त्यांची गरज नाही.

जे ठरेल ते कागदावर घ्यावे. न्यायालयीन शुल्क, नकला आणि मूल्यांकन यांचा खर्च फीहून वेगळा असतो. अशिलाच्या पैशांचा तारीखवार हिशेब, फी आणि खर्च दाखवून ठेवणे हे वकिलाचे कर्तव्य आहे. तेव्हा तो मागताना संकोच बाळगू नये. व्यवसायासाठी नसलेल्या अशा वैयक्तिक कामाच्या वकिली फीवर जीएसटी लागत नाही. पुढे वकील बदलावासा वाटला तर थकलेल्या फीसाठी आपली कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केले आहे.

राहिला प्रश्न रोख रकमेचा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोणतीही महिला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी सेवेस पात्र असते. प्रकरण चालवण्याजोगे आहे इतके प्राधिकरणाला पटावे लागते. मंजुरी मिळाल्यास वकिलाची फी प्राधिकरण देते. आपल्याकडून वेगळी रक्कम मागणे नियमबाह्य ठरते. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येईल किंवा १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येईल. तिघांपैकी कोणाच्याही वकालतनाम्यावर सही करण्यापूर्वी आपण तेथे एकदा जाऊन यावे.