ग्रामपंचायत कांदा चाळीसारखी बांधावी का?

प्रश्न : आमची ग्रामपंचायतीची जुनी इमारत पाडून नवी बांधायची आहे. अभियंत्यांचा आराखडा नेहमीचाच, स्लॅबचं चौकोनी खोकं. तरुण पोरं म्हणतात, कांदा चाळीसारखी, म्हणजे कांदा साठवायच्या फटींच्या भिंतींच्या शेडसारखी करू, गावाची ओळख दिसेल. म्हातारी मंडळी म्हणतात, गोडाऊन वाटेल. काय करावं?
– एक ग्रामपंचायत सदस्या, निफाड तालुका

उत्तर : ताई, चाळीचं नुसतं रूप उचललंत तर म्हाताऱ्यांचंच खरं होईल. उचलायची ती तिची अक्कल. चाळीची पाखी, म्हणजे कांदा भरायचा लांब कप्पा, 4 फुटांहून रुंद करत नाहीत, कारण मधल्या कांद्याला हवा लागली नाही की तो सडतो. माणसांच्या इमारतीत याचा अर्थ एवढाच : खोल्या एकामागे एक कोंबू नका. एका ओळीत ठेवा, प्रत्येकीला समोरासमोर खिडक्या.

चाळीच्या फटींच्या भिंती मात्र नकोत. निफाडची थंडी तुम्हाला मी काय सांगू! दप्तर आणि कॉम्प्युटरची खोली पक्क्या भिंतींचीच हवी.

माझा जीव खरा ओसरीत. दाखल्यासाठी आलेली म्हातारी थांबते कुठे? बहुतेक ठिकाणी उन्हात. म्हणून दक्षिणेला पूर्ण लांबीची, चांगली 8 फूट रुंद ओसरी काढा. कडेला बसायला दगडी कट्टा. ग्रामसभाही तिथे भरेल, नाहीतरी माणसं आत शिरायला संकोचतात. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवलीत तर संध्याकाळचं तिरपं ऊन आखूड भिंतीवर पडेल. त्या भिंतीला खिडकी देऊ नका.

चाळीवरचा पत्रा इथे कामाचा नाही. मे महिन्यात भट्टी, आणि पाऊस लागला की ग्रामसेवक भाऊसाहेब काय बोलतात ते समोरच्यालाही ऐकू येत नाही. मंगलोरी कौलं मला आवडतात, पण 2014 ची गारपीट तुमच्या तालुक्यात कोण विसरलंय? तेव्हा दप्तरावर स्लॅब राहू द्या, कौलं फक्त ओसरीवर. चार फुटली तर चार बदलता येतात.

जोतं 2 फूट उचललंत तर व्हीलचेअरच्या उतारासाठी 24 फूट लांबी लागते. ती जागा आत्ताच नकाशात धरा.

आणि एक, कागदांचं. जे काम दरसूचीत, म्हणजे सरकारी दरांच्या यादीत नाही, त्याला दर पृथक्करण, म्हणजे तो दर कसा आला याचा हिशेब, जोडावा लागतो. ते तांत्रिक मान्यतेच्या, म्हणजे अंदाजपत्रकाला अभियंत्यांची मंजुरी मिळण्याच्या, आधीच अभियंत्यांसोबत बसून करून घ्या. नंतर बदल मागितलात तर फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर.