मॅडम, ऑपरेशन केलं म्हणजे मी हरलेच ना?

वजनाच्या ऑपरेशनबद्दल बोलायला कुणी समोर बसलं की हा प्रश्न कधी येतो याची मी आता वाटच बघते. शब्द वेगवेगळे असतात, कुणी म्हणतं तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापायची वेळ आली, कुणी म्हणतं हा शॉर्टकट झाला, एका काकांनी तर धडधाकट अवयव कापून टाकायचा म्हणजे पाप नाही का असंही विचारलं होतं. पण आत दुखणं तेच, की माझ्याच्याने झालं नाही. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगतेय, आणि ओळख पटू नये म्हणून गाव, नोकरी वगैरे बदललंय.

वय ४१, सिन्नरकडच्या एका झेडपी शाळेत शिक्षिका, उंची १५५ सेंटीमीटर, वजन ११८ किलो. ऑपरेशनच्या आधी मनाची तयारी बघायला सर्जनने माझ्याकडे पाठवलं होतं. सोबत मिस्टर, एसटीत ड्रायव्हर. ताई आल्या आणि उभ्याच राहिल्या. मी दोनदा बसा म्हटलं, त्या म्हणाल्या असू दे मॅडम, उभीच बरी आहे. तेव्हा माझं लक्ष खुर्चीकडे गेलं, खुर्चीला हात होते. मावशींना सांगून बाहेरचं बाकडं आत आणवलं. त्या दिवसापासून माझ्या खोलीत बिनहाताची रुंद खुर्ची कायम असते.

बसल्यावर त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. मुलांच्या हजेरीसारखे रकाने आखलेले, काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, सहा वर्षांचा हिशोब. नुसत्या सूपवर १४ दिवस, मग कीटो, मग दिवसातून दोनदाच जेवायचं, मग कुणाकडून तरी घेतलेली महागडी पावडर. किती गेले, किती परत आले, सगळं तारखेसकट. मी तिथेच बेरीज केली, ६० किलोच्या वर कमी केले होते आणि ८० च्या वर परत आले होते. मी म्हटलं ताई, जिद्द नसलेल्या बाईकडे अशी वही असते का? त्यावर त्या जे रडायला लागल्या ते दहा मिनिटं थांबल्याच नाहीत, आणि मिस्टर बिचारे खिशातला रुमाल हातात धरून नुसते बसले.

हे मला सगळ्यांनाच सांगायचंय. वजन झपाट्याने उतरलं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं. भूक पेटवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारे हार्मोन मंदावतात, बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरी सुद्धा कमी होतात, आणि हे महिना दोन महिने नाही, पुढे बराच काळ चालू राहतं. म्हणजे माणूस उपाशी राहून एकटा लढतोय आणि त्याचंच शरीर पलीकडच्या बाजूने ओढतंय. त्यात घरचे म्हणणार, जरा कमी खा की. थोडं वजन वाढलेल्या माणसाला खाणंपिणं आणि चालणं यानेच फरक पडतो, ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी शुगर बीपी सुधारते, ते पहिलं करायचंच. पण ताईंचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४९ होता. तिथे तेवढंच सांगत राहणं मला बरोबर वाटत नाही.

बाकीचे रिपोर्ट म्हणजे, डायबेटिस, तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी (एचबीए१सी) ९.२ टक्के, बीपीची गोळी, लिव्हरवर चरबी, गुडघे तर असे की वर्ग वरच्या मजल्यावर दिला म्हणून त्या दुपारच्या सुट्टीत खाली उतरायच्याच नाहीत. पण मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती मिस्टर बोलले त्याची. म्हणाले, रात्री हिचा श्वास मध्येच थांबतो, मी पडल्या पडल्या मोजतो, दहा, पंधरा, वीस, मग हलवतो, की मग ती मोठ्याने श्वास घेते. असं रोज. आणि हा माणूस पहाटे पाचच्या गाडीवर जातो, मागे पन्नास माणसं बसलेली. घोरणं म्हणजे गाढ झोप असं आपल्याकडे समजतात, पण झोपेत श्वास अडकणं हा आजार आहे, त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, त्याने हृदयावर ताण येतो, बीपी वाढतं, दिवसा डुलक्या लागतात. त्यांना झोपेची तपासणी करून रात्री लावायचं, श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन ऑपरेशनच्या आधीच सुरू केलं.

ऑपरेशन कुठलं हे सर्जन ठरवतात, पण पेशंट माझ्याकडे येऊन पुन्हा विचारतात, म्हणून मी साध्या भाषेत सांगते. स्लीव्ह म्हणजे जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढून केळ्यासारखी नळी ठेवतात, काढलेला भाग परत येत नाही, घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होत असल्यामुळे भूक पण उतरते. बायपासमध्ये वरती छोटीशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न बाकीच्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून जातं. ताईंना वर्षानुवर्षं ॲसिडिटी, तीन उशा घेऊन झोपायच्या. स्लीव्हनंतर ॲसिडिटी वाढू शकते, शिवाय डायबेटिस होता, म्हणून त्यांच्यासाठी बायपास ठरलं. आणि लायपोसक्शन हे वजनाचं ऑपरेशन नाही, ते कातडीखालची चरबी ओढणं आहे, त्याने डायबेटिस जात नाही, हे एकदा सांगून ठेवते कारण दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. मेडिक्लेमचं पण विचारतात, तर बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत कंट्रोल न होणारा डायबेटिस, गंभीर स्लीप ॲप्निया असं काही असेल तर विमा मिळू शकतो, पण पॉलिसीचा वेटिंग पिरियड आधी बघा.

तेव्हा वजन कमी करणारी, आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं इतकी हाताशी नव्हती. २०२५ मध्ये मौंजारो, वेगोवी आपल्याकडे आली आणि आता निम्मे लोक तेच विचारतात. चांगली औषधं आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर घ्या, पण बंद केली की बरंचसं वजन परत येतं हे माहीत असू द्या.

आता मुद्द्याचं. त्या वहीत एक गोष्ट मला खटकत होती. सहा वर्षांत रात्री साडेआठनंतर एकही नोंद नाही. मी तेव्हा काही बोलले नाही. दुसऱ्या वेळी ताई एकट्या आल्या आणि मी सहज विचारलं, घर झोपल्यावर तुम्ही काय करता? बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, ओट्यापाशी उभी असते. लाइट लावत नाही. फरसाणचा डबा आहे स्टीलचा, झाकण वाजू नये म्हणून त्यावर पदर धरून उघडते. आई गेली तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं. भूक नसते मॅडम, पण डबा अर्धा झाल्याशिवाय झोप येत नाही.

मी सर्जनना कळवलं की आत्ता नको, तीन महिने द्या. ताई माझ्यावर खूप चिडल्या, म्हणजे तुम्ही पण नापासच केलं ना. मी सांगितलं की नापास कुणी करत नाहीये, पण ऑपरेशन पोटाची भूक कमी करतं, आईची आठवण कमी करत नाही, आणि तो डबा तसाच राहिला तर वर्ष दीड वर्षात तोच वजन परत आणेल. आम्ही दर आठवड्याला बसलो. आईबद्दलच बोललो जास्त, डाएटबद्दल फार कमी. मिस्टरांना डब्याचं सांगायला त्यांना पाच आठवडे लागले. ते एवढंच म्हणाले, मला वाटायचं मांजर येतं.

डिसेंबरात ऑपरेशन झालं. धोका नाही असं मी कुणालाच सांगत नाही. रक्तस्राव, जोड गळणं, पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं, हे होऊ शकतं. अनुभवी टीम असेल तर जिवाचा धोका साधारण पित्ताशयाच्या ऑपरेशनइतका, म्हणजे हजारात एकाच्या आसपास. पण बी १२, लोह, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन जन्मभर, रक्त तपासण्या जन्मभर. ज्यांना मूल हवंय त्यांनी निदान वर्ष दीड वर्ष थांबायचं.

मार्चमध्ये होळीच्या दुपारी ताईंचा फोन, मॅडम मी मरते बहुतेक. सासूबाईंनी सणाचं म्हणून आग्रह केला, अर्धी पुरणपोळी, वर वाटीभर गुळवणी. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात पिळवटून आलं, जमिनीवर आडव्या झाल्या. बायपासनंतर इतकं गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं, त्याला डम्पिंग म्हणतात. सर्जनशी बोलणं करून दिलं, तास दीड तासात सगळं शांत झालं. पण त्या संध्याकाळी त्या ज्या रडल्या ते पोटासाठी नव्हतं. आईच्या हातच्या पोळीची चव होती ती, आता कधीच पोटभर खाता येणार नाही. हे दुःख खरं असतं, त्याला कुणी नखरे म्हणू नये. आणि घरच्यांनो, एक घास एक घास हा आग्रह खरंच बंद करा.

चौथ्या महिन्यात केस गेले, मूठभर यायचे कंगव्यात, प्रोटीन वाढवलं आणि हळूहळू परत आले. वर्षभरात वजन ८२. शुगरची एक गोळी राहिली, झोपेची तपासणी परत केली आणि मशीन निघालं. तरी बीएमआय ३४, म्हणजे तक्त्यात अजून लठ्ठच, आणि हळदीकुंकवाला एक बाई म्हणाल्याच, एवढं ऑपरेशन करून पण जाडच दिसतेस की गं. ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा आवाज कापत होता. मी विचारलं शाळेत जेवायला खाली जाता का. म्हणाल्या रोज.

दीड वर्षानंतर चार किलो वाढले. हे होतं, बऱ्याच जणांचं होतं. आधीच्या ताई असत्या तर सहा महिने तोंड लपवून बसल्या असत्या, पण काटा सरकला त्याच आठवड्यात त्या स्वतःहून आल्या, नवीन वही घेऊन. मी पान उलटलं. रात्री ११ वाजताची नोंद होती, दोन मुठी फरसाण, लाइट लावून, आज आईचं श्राद्ध.