कानबानमध्ये, म्हणजे बिन (डबा) रिकामा झाला की त्याचं कार्ड पाठवून तेवढाच माल मागवायच्या पद्धतीत, एका पार्टचे किती बिन फिरवायचे हे कसं ठरवता?

फॉर्म्युला लावूनही कधी लाइन थांबते आणि कधी रॅकवर माल मावत नाही म्हणताय, तर बहुतेक वेळा गडबड लीड टाइमच्या (माल परत यायला लागणाऱ्या वेळेच्या) आकड्यात असते. सप्लायर म्हणतो दोन दिवस आणि आपण दोन लिहून मोकळे. पण बिन रिकामा झाल्यापासून भरलेला बिन परत लाइनवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरायला हवा, कार्ड बॉक्समध्ये पडून राहतं तो आणि माल गेटवर, इन्स्पेक्शनला थांबतो तोसुद्धा.

समजा रोज 400 नग लागतात, माल यायला 2 दिवस, कार्ड दिवसातून एकदाच गोळा होतात म्हणून अजून 1, सेफ्टी (वरचा राखीव माल) 20 टक्के. 400 गुणिले 3 गुणिले 1.2 म्हणजे 1440 नग, बिनमध्ये 100 बसत असतील तर 15 बिन. आता कार्ड दिवसातून दोनदा उचला, लीड टाइम अडीच दिवस होतो आणि 12 बिनमध्ये भागतं. सप्लायरला फोनसुद्धा करावा लागला नाही.

सेफ्टी सगळ्या पार्टला सरसकट 20 टक्के लावू नका (एक्सेलमध्ये कॉलम खाली ओढला की तेच होतं!). ज्याचं कन्झम्प्शन रोज सारखं आहे त्याला कमी चालेल, महिनाअखेरीला उसळी मारणाऱ्याला जास्त, आणि तिथे महिन्याची सरासरी तर अजिबात घेऊ नका. नट-बोल्टसाठी एवढी डोकेफोड नकोच, टू-बिन लावा (एक बिन संपला की तो भरायला पाठवायचा आणि दुसरा वापरायला घ्यायचा), फक्त एक बिन पूर्ण लीड टाइम पुरला पाहिजे.

प्रेससारख्या मशीनवर घरात बनणाऱ्या पार्टचं वेगळं आहे, तिथे लॉट (एका वेळी बनवायचे नग) सेटअपवर, म्हणजे डाय बदलून मशीन तयार करण्यावर ठरतो. 1913 सालच्या हॅरिसच्या ईओक्यूमध्ये (सगळ्यात कमी खर्चाचा लॉट काढायच्या सूत्रात) सेटअपचा खर्च वर्गमुळात येतो, म्हणजे तो पाव झाला की लॉट निम्मा होतो, म्हणून लीनवाले (वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायच्या पद्धतीने कारखाना चालवणारे) लॉटवर वाद घालत बसत नाहीत, एसएमईडीने (झटपट सेटअप बदलायच्या पद्धतीने) डाय बदलायचा वेळच कमी करतात.

सुरुवातीला एखादा बिन जास्तच ठेवा, मग एकेक कार्ड काढत जा आणि कुठे अडतं बघा. अडलं तर कार्ड परत टाका, पण का अडलं ते शोधून काढा, नाहीतर ते कार्ड कायमचं तिथेच राहतं. आणि महिन्यातून एकदा कार्ड मोजा हो, एक कार्ड कपाटामागे पडलं तरी 100 नगांची ऑर्डर गुपचूप बंद होते.