उलटलेली पापणी

प्रश्न : रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, पाहत असताना माझ्या उजव्या डोळ्यात काहीतरी गेले. पाण्याचे पुष्कळ हबके मारूनही खुपणे थांबेना आणि सकाळपर्यंत पापणी चांगलीच सुजली. डॉक्टरांनी वरची पापणी काडीवर उलटून एक बारीक खडा टिपून काढला. पापणी मात्र काडी बाजूला केल्यावरही तशीच उलटी राहिली, ते पाहून सोबत आलेली सून घाबरली. पापणी उलटी राहते कशी? आता सून म्हणते, पुढच्या वेळी हे मी घरीच करीन. चालेल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : पापणी ही नुसती त्वचेची घडी असती, तर काडी काढताच ती खाली पडली असती. परंतु शिंपी कॉलरीत बक्रम घालतो, तशी पापणीच्या आत घट्ट तंतूंची एक पट्टी असते. तिला टार्सल प्लेट म्हणतात. अनेक जण तिला कूर्चा समजतात, पण कानात असते तशी कूर्चा तिच्यात नसते. वरच्या पापणीत ही पट्टी मध्यभागी सुमारे १० मिलिमीटर उंच असते, तर खालच्या पापणीत ती जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर भरते. म्हणूनच खालची पापणी बोटाने ओढली तरी आतले सारे दिसते. डॉक्टर आपल्याला खाली पाहायला सांगतात, कारण त्या वेळी पापणी उचलणारा स्नायू सैल पडतो. मग पट्टीच्या वरच्या कडेशी काडी टेकवून, पापणीचे केस धरून ती वर घेतली, की पट्टी अख्खी फिरते आणि फिरलेलीच राहते. आपण वर पाहिल्याबरोबर तोच स्नायू तिला ओढून जागेवर आणतो.

आपला खडा बहुधा पापणीच्या आतल्या बाजूस, कडेपासून सुमारे २ मिलिमीटर वर असणाऱ्या खाचेत अडकला असावा. तेथे अडकलेला कण पाण्याने सहसा निघत नाही आणि पापणी लवते तेव्हा दरवेळी कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, घासत राहतो. डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाहिले, तर कॉर्नियावर उभे ओरखडे दिसतात आणि ते पाहताच डॉक्टरांचा हात पापणीकडे जातो. सुजेचे कारण साधे आहे : पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असून तिच्याखाली चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे डोळा चोळला की तेथे पाणी चटकन साठते.

सूनबाईंनी न घाबरता पाहिले असते, तर उलटलेल्या पापणीवर त्यांना फिकट पिवळ्या उभ्या रेघा दिसल्या असत्या. त्या मायबोमियन ग्रंथी. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४० असतात आणि अश्रूंचा थर लवकर वाळू नये म्हणून त्यावर तेल पसरवतात. त्यांपैकी एखादी तुंबली की पापणीत न दुखणारी गाठ येते; ठणकणारी रांजणवाडी ही जंतुसंसर्गाने होते.

घरी मात्र पापणी उलटू नये. डोळा न चोळता, केस धरून वरची पापणी खालच्या पापणीवर अलगद ओढावी आणि सोडावी; खालच्या केसांनी कण झाडला जाण्याचा संभव असतो. तरीही खुपत राहिले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डोळ्याला मार लागलेला असेल किंवा ठोकाठोकी करताना धातूचा तुकडा उडालेला असेल, तर हेही करू नये, कारण डोळा फुटलेला असल्यास पापणीवरचा दाबही घातक ठरतो.