नाशिकमध्ये खरेदी आणि कॅफेसाठी एकच संध्याकाळ आहे. कॉलेज रोडला जावं की गंगापूर रोडला?

तुम्ही लिहिलंय की बहिणीबरोबर जळगावहून येताय, शनिवारची संध्याकाळ मोकळी आहे, दोन-चार कपडे घ्यायचेत, निवांत कॉफी प्यायचीय आणि या दोन रस्त्यांत गोंधळ होतोय. सरळ सांगते, कॉलेज रोडला जा. आणि पायी फिरा.

गंगापूर रोड मलाही आवडतो, पण तो लांबलचक आहे, थेट सोमेश्वर आणि पुढे धरणाकडे जाणारा. एक दुकान इथे तर दुसरं पार तिकडच्या सर्कलपाशी, त्यामुळे हाताशी गाडी लागते. कॉलेज रोडवर कॅनडा कॉर्नरला उतरलात की येवलेकर मळा, बी.वाय.के. कॉलेज, मॉडेल कॉलनी असं चालत जाता येतं आणि दुकानांची रांग तुटत नाही.

मी बी.वाय.के.ला पाच वर्षं काढली, त्यामुळे या रस्त्यावर माझा जीव आहे. इथलं एच.पी.टी. कॉलेज १९२४ चं, बी.वाय.के. १९५७ चं. एका गल्लीला येवलेकर मळा, दुसरीला विसे मळा म्हणतात, म्हणजे या जागी आधी काय होतं ते नावातच आहे. मळे गेले, बंगले आले, मग बंगल्यांच्या जागी दुकानं आणि कॅफे आले. पण गिऱ्हाईक अजून मुख्यतः कॉलेजची पोरं-पोरीच. म्हणून ब्रँडच्या शोरूमला लागूनच ऑक्सिडाइज्ड झुमके आणि कुर्त्या मिळतात, खिशाला परवडतील अशा. मुख्य रस्त्यावर शोरूम बघून घ्या, पण खरी खरेदी आतल्या गल्ल्यांत करा. पाटील लेन एक, दोन, तीन, चार अशा आत गेलात की बुटीक सापडतात, घराच्या तळमजल्यावर चालवलेली. तिथे बाई स्वतः माप घेतात आणि बाही कमी-जास्त करून देतात.

कपड्यांबाबत एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. मागच्या दिवाळीत मी एका दुकानातून मोरपंखी कुर्ता घेतला. आतल्या पिवळ्या दिव्यांखाली तो इतका सुरेख दिसत होता की मी दुसरा बघितलाच नाही. घरी येऊन सकाळी खिडकीपाशी धरला तर चक्क हिरवट, आणि काखेतली शिलाई एका बाजूला सुटलेली. परत घेऊन गेले, तर त्यांनी बिलाच्या तळाशी मारलेल्या शिक्क्यावर बोट ठेवलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. फार वाईट वाटलं, कारण तो आईसाठी घेतला होता. तेव्हापासून कापड दाराबाहेर नेऊन उजेडात बघते, उलटं करून शिलाई बघते आणि बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधी विचारते. म्हणून तुम्हीही साडेचार-पाचलाच पोचा. उजेड असेपर्यंत कपडे उरकून घ्या, कॅफे नंतर.

कॅफेची नावं मुद्दाम देत नाही, इथल्या पाट्या फार लवकर बदलतात. निवड अशी करा: दोन कप कॉफी घेऊन मुलं तासभर गप्पा मारत बसलीत आणि कोणी त्यांना उठवत नाहीये, तिथे बसा. सातनंतर शनिवारी बाहेर उभं राहून वाट बघावी लागते, त्यामुळे सहाच्या आसपास जागा धरा. गल्लीतल्या कॅफेत झाडाखाली टेबल मिळालं तर एसी सोडून तिथेच बसा. नाशिकची संध्याकाळची हवा ही घेण्यासारखी गोष्ट आहे, त्यातून तुम्ही जळगावच्या उन्हातून येणार.

गाडी आणणार असाल तर शक्यतो हॉटेलवरच ठेवा. पार्किंगच्या शोधात अर्धा तास जातो आणि चुकीच्या जागी लावली तर उचलून नेऊ शकतात. नाशिकरोड स्टेशनहून कॉलेज रोड साधारण दहा किलोमीटर आहे. सी.बी.एस.पर्यंत, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत, सिटीलिंकच्या शहर बसने या, तिथून रिक्षा करा. भाडं बसण्याआधीच ठरवा, मीटर टाकणारा रिक्षावाला क्वचितच भेटतो.

पैठणी किंवा तांब्या-पितळेची भांडी मनात असतील तर मात्र कॉलेज रोडवर शोधू नका. भांड्यांसाठी जुन्या नाशकात भांडी बाजार आहे, शेजारीच सराफ बाजार. पैठणीसाठी थेट येवला गाठलेलं बरं. भांडी बाजाराच्या बाजूला गेलातच तर मेन रोडकडचा सायंताराचा साबुदाणा वडा खाल्ल्याशिवाय परत फिरू नका.

आणि शनिवारी रात्री कॅफेत पोट गच्च भरू नका. रविवारी सकाळी मिसळ खायचीय. पंचवटी कारंज्याजवळ अंबिकाची काळ्या रश्श्याची मिसळ मिळते, पण नऊच्या आत जा. रस्सा तिखट असतो, म्हणून दही सोबतच मागून ठेवा. बहिणीला तिखट चालत नसेल तर रस्सा वेगळ्या वाटीत मागा, देतात.