क्योटोत नवीन आहे, सायकलवरून शहर फिरणं जमेल का?

बिनधास्त फिरा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, मधलं शहर सपाट आणि रस्ते चौकटीत आखलेले. वाट चुकलात तर डोंगर शोधा. ज्या बाजूला डोंगर नाही, ती दक्षिण!

पहिल्या दिवशी कामो नदीकाठची वाट धरा. देमाचियानागीपाशी दोन नद्या मिळतात, तिथे पात्रात कासवाच्या आकाराचे दगड मांडलेत. पोरं त्यावरून टणाटण उड्या मारत पलीकडे जातात. सायकल काठावर लावून तुम्हीही जा. उत्तरेकडे हलका चढ लागतो, परतीला मात्र पायडल मारायचं कामच नाही.

फक्त सायकल पार्किंगमध्येच लावा. मी ‘पाचच मिनिटं’ म्हणून स्टेशनबाहेर लावली. आलो तर गायब. चोरी नव्हती, उचलून नेली होती. दंड भरून सोडवून आणली.