जुनी शिडाची बोट घेताना दोन मॉडेलांतली निवड

गंगापूर धरणावर शीड हाताळायला शिकलात, पण समुद्रात मुक्काम करायची बोट वेगळी. 30 फुटी दोन मॉडेलं कागदावर सारखीच दिसतात. आधी डुबाव, म्हणजे बोट पाण्याखाली किती खोल जाते, ते बघा. कोकणच्या खाड्यांत शिरायचं तर 1.2 मीटर डुबावाची उथळ कील (बुडाखालचं वजनदार पातं) सोयीची, 1.7 मीटरची वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जास्त चढते, पण ओहोटीला गाळात रुतते.

मग इंजिन. शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा सरळ दांडा) असेल तर दुरुस्ती सोपी. सेलड्राइव्ह (इंजिनाखालून बुडातून थेट पाण्यात उतरणारा पाय) असेल तर बुडाच्या भोकावरचा रबरी डायफ्रॅम कधी बदलला ते विचारा. व्हॉल्वो 7 वर्षांची मुदत देते. पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. डोलकाठीच्या स्टीलच्या तारा 10-12 वर्षांपेक्षा जुन्या असतील तर तेच.

डेक मात्र स्वतः तपासा. माठ घेताना वाजवतो तसं, प्लॅस्टिकच्या हातोडीनं, चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा बांधायच्या पट्ट्या) आणि स्टँशन (कठड्याचे खांब) यांच्याभोवती. खणखणीत आवाज ठीक. बद्द आला तर फिटिंगच्या बोल्टांतून पाणी मुरून आतलं बाल्सा लाकूड कुजलेलं असू शकतं. नवीन गाद्या-पडद्यांना भुलू नका. कुजक्या डेकच्या प्रशस्त केबिनपेक्षा कोरड्या डेकची अरुंद बोट बरी.